भिंतीकडची बाजू

प्रिय बाळ,

सूनबाईने तुझा निरोप सांगितला त्याला बरेच दिवस झाले आणि मी आत्ता लिहायला बसलोय, त्याबद्दल रागावू नकोस. मध्ये दोनदा कागद घेतला होता. पहिल्यांदा तुझी आई मागून डोकावून म्हणाली, "हे काय अक्षर? मुंगी शाईत पडून कागदावरून गेल्यासारखं. पोराला वाटेल तुम्हाला झटकाबिटका आला." म्हणून फाडून टाकला. दुसऱ्यांदा चष्म्याची काडी निघाली. ती आता दोऱ्याने बांधली आहे, बरी टिकते. पण खरं कारण ते नाही. काय लिहावं हेच सुचत नव्हतं. फोनवर बोललो असतो, पण हा विषय निघाला की तू "बाबा, खोकला कसा आहे?" असं विचारतोस. मी भोळ्यासारखा खोकल्याचं सांगत बसतो आणि तेवढ्यात तुझी जेवणाची सुट्टी संपते. पत्रात तुला ते जमायचं नाही. खोकला बरा आहे, हे आधीच लिहून टाकतो.

तुझा निरोप असा होता की भिंगरीला फुटबॉलच्या राष्ट्रीय शिबिराला पाठवायचं नाही. कारण तू दिलं नाहीस आणि सूनबाईने विचारलं नाही. पोरगी तुझी आहे, तुझा अधिकार आहे, त्यात मी काय बोलू? पण होकार की नकार ते महिनाअखेरीच्या आत कळवायचं आहे, आणि आई-बाप दोघांनी मिळून कळवायचं आहे. सूनबाई म्हणते, "मी एकटीच्या जिवावर हो म्हणणार नाही. उद्या काही झालं तर जन्मभर मला ऐकवतील." एवढं बोलून ती दवाखान्यात ड्यूटीवर निघून जाते. तुझी आई भिंगरीसमोर काही बोलत नाही, पण भांडी जोरात आपटते. मी दोघींच्या मध्ये बसून असतो. रोज सकाळी उठलो की आधी कॅलेंडरकडे बघतो.

घराचं म्हणशील तर ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मीच दुरुस्त केला, आता तो जास्त गळतो. माझी बोटं थंडीत अजून बधिर होतात. बर्फाच्या कारखान्याने मला जे काय दिलं त्यातलं तेवढंच शिल्लक राहिलंय. कारखान्याचं आता गोदाम झालंय, तुला ठाऊक आहे. आत पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात. पण ती लांब भिंत अजून आहे तशीच आहे, आणि तिच्या कडेची मोकळी पट्टीही. पोरं तिथेच खेळतात.

तू म्हणशील, म्हातारा पुन्हा भिंतीवर आला. येणारच. मला शाळा फार झाली नाही, खेळातलं तर त्याहून कमी कळतं, पण या एका गोष्टीचा मी इतकी वर्षं विचार केलाय की आता ती न लिहिता मला पुढे जाता येणार नाही. आपल्या पट्टीच्या एका बाजूला आमच्या कामगारांच्या खोल्या, मध्ये गटार. चेंडू गटारापलीकडे गेला की आउट. दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत. तिकडे आउट नाहीच. भिंतीला लागला तरी चेंडू चालूच. हा नियम कोणी केला देव जाणे, जागाच तेवढी होती म्हणून झाला असेल. आत बर्फ असल्यामुळे भिंत बारा महिने गार असायची, तिला घाम सुटायचा, आणि तिला लागून आलेला चेंडू ओला होऊन सरपटत यायचा. बाकीची पोरं त्याला वैतागायची. तू मात्र त्याच्यावरच वाढलास. समोर कोणी अडवायला आला की तू चेंडू भिंतीला द्यायचास, स्वतः दुसऱ्या बाजूने निघून जायचास, आणि चेंडू पुढे तुला येऊन मिळायचा. भिंतीकडे तू कधी मान वळवून पाहिलं नाहीस. घरात अंधारात पाण्याच्या माठाकडे हात जातो, तसं.

मी तेव्हा आत असायचो. मिठाच्या पाण्यातून बर्फाचे डबे वर काढायचे, क्षणभर साध्या पाण्यात बुडवायचे म्हणजे लादी सुटते, मग उलटे करायचे. आकड्याने लादी ओढताना बाहेरून भिंतीवर धप्प असा आवाज यायचा. दुसऱ्या पोरांचं म्हणजे धप्प आणि लगेच आरडाओरडा. तुझं म्हणजे धप्प, मग थोडी शांतता, आणि मग गोलाच्या टोकाला ओरडा. माझ्याबरोबरचे म्हणायचे, "घे, तुझ्या डाव्याने घातला." तुझ्या डाव्या पायावरून सगळे तुला डाव्याच म्हणायचे. मी म्हणायचो, "अभ्यास करत नाही कार्टं." पण त्या वेळी लादी हलकी लागायची.

शिंप्याने तुला त्याच्या संघात घेतलं तेव्हा तू शाळेत होतास. दुकान बंद करून पोरांना शिकवायचा तो, पाठीवरचे आकडे स्वतः शिवायचा. मला म्हणाला होता, "तुमच्या पोराला कापड कमी पडलं तर तो हवेतून काढतो." मग राजधानीतला क्लब, मग तिथे तुझ्या जोडीला खेळणारा तो टकल्या. टकल्याचं मला फार कौतुक आहे, आजही. पहिल्याच आठवड्यात त्याने तुला ओळखलं. आपल्याकडे जेवायला आला होता तेव्हा त्यानेच तर सांगितलं, "काका, हा गडी चेंडू अशा ठिकाणी देतो जिथे कोणीच नसतं. मग मी म्हटलं, आपणच तिथे जाऊन उभं राहावं. आता मीच याची भिंत." तुझी आई म्हणाली होती, "डोकं तर तसंच गुळगुळीत आहे," आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसला होता. त्या क्लबात तुम्ही दोघांनी काय काय केलं ते अख्ख्या देशाने पाहिलं. तू द्यायचास, तो एका स्पर्शात परत करायचा, आणि तुला अडवणारा बिचारा स्वतःभोवती गिरक्या घेत राहायचा. वर्तमानपत्रात यायचं की असा खेळाडू पुन्हा होणे नाही. ती कात्रणं तुझ्या आईच्या पेटीत आहेत. मी वाचत नाही. हात लावला की ती ओरडते.

आणि इथेच घोडं पेंड खातं. देशाच्या संघात तुला बोलावलं, टकल्याला नाही बोलावलं.

तो पहिला सामना मी नको म्हटलं तरी मनातून जात नाही. तू तिकिटं पाठवली होतीस. मी इस्त्रीचा सदरा घातला होता, तुझ्या आईने डबा घेतला होता आणि दारावर तो काढून घेतला म्हणून ती पहिला अर्धा वेळ धुमसत होती. दुसऱ्या अर्ध्यात तुला आत घातलं. मैदान केवढं मोठं, बाळ. मला तर वाटलं, यात माणूस हरवेल. तुझ्याकडे चेंडू आला, समोर तो उंच बचाववाला आला, आणि तू नेहमीसारखा चेंडू डावीकडे ढकललास आणि स्वतः उजवीकडून निसटलास. इतका सुंदर निसटलास की तो माणूस जागच्या जागी राहिला. तू पुढे जाऊन वळलास, पाय तयार ठेवून उभा राहिलास. आणि तिकडे चेंडू आपला घरंगळत रेषेबाहेर गेला आणि जाहिरातीच्या फळीला लागून थांबला. तिथे कोणीच नव्हतं. सगळं मैदान हसलं. माझ्या पुढे बसलेला एक जण म्हणाला, "हा कोणाला दिला? भुताला?" तुझी आई त्याला म्हणाली, "तुम्हाला दिला. घेता येत नसेल तर गप्प बसा." मला त्या वेळी फक्त तुझा चेहरा दिसत होता. लाजलेला नव्हता. घराचं दार उघडून आत पाऊल टाकावं आणि आत घरच नसावं, तसा होता.

पुढे तुला पुष्कळदा बोलावलं. कधी बाकावर, कधी शेवटच्या थोड्या वेळासाठी. आम्ही दरवेळी बघायचो. आणि दरवेळी मला एकच दिसायचं. चेंडू देण्याआधी तू एकदा डावीकडे बघायचास. अर्ध्या श्वासाएवढं. ज्या पायाला कधी काही विचारावं लागलं नाही, त्याला तू विचारायला लागला होतास, आणि तेवढ्यात समोरचा येऊन पोचायचा. क्लबात परत गेलास की पुन्हा तोच डाव्या. कोणीतरी छापलं, घरचा वाघ. मग बोलावणं यायचं थांबलं. तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस आणि आम्ही विचारलं नाही. आपल्या घराण्याला ही वाईट खोड आहे, सगळे तोंडाला कुलूप लावून बसतात.

पण गावाला कुठे कुलूप? तू आलास की स्टेशनपासून घरापर्यंत प्रत्येक जण विचारणार. न्हावी वस्तरा गळ्यावर ठेवून विचारायचा, "डाव्या, त्या दिवशी नेमकं काय झालं रे?" आणि गळ्यावर वस्तरा असलेल्या माणसाने उत्तर तरी काय द्यावं? लोक वाईट नव्हते. त्यांनाही आशा होती. तरी मला कळतं, तू गोदीतली नोकरी एवढ्या लांब का धरलीस, आणि आलास तरी दिवेलागणीनंतरच का येतोस. परवा सूनबाई म्हणाली, तिकडे जेवायच्या खोलीत टीव्हीवर सामना लागला की तू ताट घेऊन बाहेर यंत्रांपाशी जाऊन बसतोस. तिला तुझ्याबरोबरच्या कोणीतरी सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून भिंगरीला त्या भिंतीकडे फिरकू देऊ नका असं तू सांगितलंस तेव्हा मी ते मनावर घेतलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मला काय समजत नाही? तुझ्या आईने तिचे बूट कपाटात घातले. पोरगी अनवाणी गेली. आई म्हणाली, "पाय फुटतील, मर तिकडे," आणि स्वतःच बूट घेऊन मागे धावली. तिला कोणी काही शिकवलं नाही, बाळ. तुझा एकही सामना तिने पाहिलेला नाही, तूच पाहू दिला नाहीस. तरी ती तस्संच करते. भिंतीला देते आणि न बघता निघून जाते. शिंपी आता काठी घेऊन चालतो, तो एक दिवस खुर्ची टाकून बघत बसला होता. उठताना मला म्हणाला, "माप घ्यायलाच नको, जुनंच आहे." निवड करणारे शाळेच्या छोट्या मैदानावर आले होते. तिथे दोन्ही बाजूंना पोरांची एवढी गर्दी की चेंडू बाहेर जाईल कुठे, कोणाच्या ना कोणाच्या पायाला लागून परतच येत होता. तिने त्यांना असं काही दाखवलं की त्यांनी तिथल्या तिथे नाव घेतलं. कोणाची मुलगी हे त्यांनी विचारलं नाही आणि शिंप्याने सांगू दिलं नाही. म्हणाला, "पोरीच्या पाठीवर पोरीचाच आकडा राहू द्या."

आता मी तुला एक गोष्ट सांगणार आहे आणि तू आईवर चिडायचं नाही. तिने मला हे या आठवड्यात सांगितलं. क्लबातला तुझा शेवटचा हंगाम चालू होता, तू घोट्याला पट्टी बांधून घरी आला होतास. ती शेंगा सोलत होती, तू खाली तिच्यापाशी बसलास आणि म्हणालास, "आई, आता जमायला लागलंय गं. आता बघावं लागत नाही." ती म्हणाली, "काय जमायला लागलंय?" तू म्हणालास, "जाऊ दे. आता कोण बोलावतंय." आणि तिच्या हातातल्या शेंगा घेऊन सोलायला लागलास. मी तिला म्हटलं, इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस? तर म्हणते, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही साऱ्या देशाला पत्रं लिहीत सुटला असता, माझ्या पोराला परत बोलवा म्हणून. त्याने कुठे तोंड लपवलं असतं?" लिहिली असती मी, ते खरंच आहे.

पण ते ऐकल्यापासून मी आठवत बसलोय. त्या हंगामात एका सामन्याच्या वेळी टकल्या तापाने पडला होता आणि तू त्याच्याशिवाय खेळला होतास. त्या सामन्यात तू दोन गोल केलेस. बाजूला कोणी नसताना तू त्या सगळ्यांतून निघालास आणि एकदाही मान वळवली नाहीस. मला तेव्हा वाटलं, नशीब. आता वाटतं, ते नशीब नव्हतं. तुला काहीतरी सापडलं होतं. काय सापडलं ते मला कळण्यातलं नाही. उशिरा सापडलं म्हणून तू ते कोणाला सांगितलं नाहीस, आणि तुला कोणी विचारलंही नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहितो, मग पत्र पेटीत टाकून येतो, नाहीतर पुन्हा फाडीन. गेल्या रविवारी निवडलेल्या मुलींचा सरावाचा सामना होता, खऱ्या मोठ्या मैदानावर. सूनबाईला ड्यूटी होती म्हणून बसने मी घेऊन गेलो. गवत कापलेलं, रेषा नुकत्या मारलेल्या. खेळ सुरू झाल्यावर थोड्या वेळाने तिच्याकडे चेंडू आला, समोर एक थोराड मुलगी आली, आणि मला आधीच कळलं. तिने तो बाजूला दिला आणि निघून गेली. पुढे जाऊन वळली. चेंडू रेषेबाहेर जाऊन पालकांच्या बाकांपाशी थांबला. लोक हसले, वाईट नाही, तरी हसले. नंतर ती बरी खेळली, पण दरवेळी देण्याआधी एकदा बाजूला बघत होती. तेच बघणं, बाळ. येताना बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग मला म्हणाली, "आजोबा, बाबांचं असंच झालं होतं ना?" मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" म्हणाली, "कोणी नाही. मला आज कळलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मग बाबांनी पुढे काय केलं?" मी तिला थर्मासमधला चहा ओतून दिला आणि म्हटलं, विचारून सांगतो. तेवढ्यासाठी हे पत्र आहे, होकारासाठी नाही. नकार द्यायचा असेल तर दे, मी स्वतः जाऊन कळवून येईन आणि तुला पुन्हा कधी बोलणार नाही. पण आधी तिला उत्तर दे. त्या दिवशी काय झालं हे तुला साऱ्या गावाने विचारलं. पुढे काय केलंस हे विचारणारी ती पहिलीच आहे, आणि ते सांगू शकेल असा माणूस या जगात तू एकटा आहेस. ती कॅलेंडरकडे बघत नाही, दाराकडे बघते. येता आलं तर ये. नाही जमलं तर लिही, पण मला नको, तिच्या नावाने लिही, आणि लवकर लिही. टपालाला तिकडून किती दिवस लागतात ते मला नीट ठाऊक नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

तुझाच,
बाबा